तीन काडतुसं आणि एक खांदा

अल ऐन, ३ सप्टेंबर २०२५

सदानंद सर,

आधी कामाचं लिहिते. खाली सही कुणाची आहे ते लगेच बघू नका, नाहीतर कागद मिटून ठेवाल.

माझ्यासमोर टेबलावर तीन काडतुसं उभी आहेत. पहिलं ३०८, तुमची जन्माची ओळख असलेलं. दुसरं सेव्हन-एमएम-झिरो-एट, त्याला मी सात-आठ म्हणते, कारण ती ३०८चीच पुंगळी आहे, फक्त गळा आवळून त्यात बारीक गोळी बसवलीय. आणि तिसरं सिक्स-पॉइंट-फाइव्ह क्रीडमोर, म्हणजे आपलं साडेसहा. हे सगळ्यात तरुण. पुंगळी जरा आखूड आणि गोळी अशी लांब, निमुळती, की हातात घेतल्यावर खाली ठेववत नाही. तिघांत कुठलं चांगलं? नुसतं चांगलं नाही. धक्का कुणाचा कमी, तीनशे मीटरवर कोण किती खाली उतरतं, वारा कुणाला जास्त ढकलतो आणि डबा केवढ्याला पडतो, हे सगळं मला शोधायचंय. मला! पगार देऊन कुणीतरी हे काम मला सांगितलंय, सर. सकाळपासून मी जमिनीवर नाहीये.

झालं असं. मी अल ऐनमध्ये एका खासगी शूटिंग रेंजवर नोकरी करते. शाळेच्या मुलांना एअर रायफल शिकवते, रजिस्टरं बघते, बुकिंग घेते. रेंजचे मालक खलफान साहेब इथलेच, एमिराती. त्यांची मुलगी शम्मा एकवीस वर्षांची, युनिव्हर्सिटीत शिकते. अंगाने काडी. ती नोव्हेंबरात वडिलांबरोबर नामिबियाला शिकारीला जाणार आहे, परमिटवर, रीतसर. साहेबांची स्वतःची रायफल तीनशे मॅग्नम. त्यांना वाटतं, मुलीनेही तीच चालवावी. शम्माने एकदा चालवली आणि आठवडाभर दप्तर दुसऱ्या खांद्यावर घेतलं. मग साहेबांनी एकाच कंपनीच्या, एकाच वजनाच्या तीन रायफली आणल्या, या तीन काडतुसांच्या, आणि मला म्हणाले, "ईश्वरी, यू आर फिजिक्स. टेल मी विच वन. विथ पेपर."

झालं, नाव लिहून गेलं. हो, मीच. ईश्वरी भिरूड, भुसावळची, तुम्ही शिकवायचात त्या रायफल क्लबच्या मुलींच्या बॅचमधली. पत्ता क्लबातल्या धनंजयने दिला. तुम्ही व्हॉट्सॲपवर नाही आणि फोनवर अनोळखी नंबर उचलत नाही, असं तो म्हणाला.

सतरा वर्षांनी लिहितेय. मी अठराची असताना एका दुपारी तुमच्या रेंजवर कुणी नसताना ३१५ची मोठी रायफल चालवली, कॉलरबोन मोडून घेतलं, चौकशी झाली, रायफलींचा रॅक उघडा राहिला होता असं निघालं आणि तुम्ही क्लब सोडलात. त्याबद्दल आज काही लिहीत नाही. व्हायचं ते होऊन गेलं.

मला फक्त एवढंच सांगा: दारूगोळा कारखान्याच्या चाचणी विभागात तुम्ही तीस वर्षं काढली, तुम्ही माझ्या जागी असता तर सुरुवात कुठून केली असती? पाकिटावर पोस्ट बॉक्स नंबर लिहिलाय. इथे पोस्टमन घरी येत नाही.

ईश्वरी


अल ऐन, १२ सप्टेंबर

सर,

तुमच्या उत्तराची वाट न बघता लिहितेय, कारण थांबवत नाहीये. टेस्ट झाली!

तीन दिवस लागले. पहाटे साडेपाचला सुरुवात, कारण नऊनंतर इथे लोखंडाला हात लावता येत नाही. एक गोष्ट तुमचीच शिकवण म्हणून केली. प्रत्येक काडतुसाचा एक डबा गार पेटीत ठेवला आणि एक मुद्दाम गाडीच्या डिकीत. डिकीतली गोळी दर सेकंदाला बारा-पंधरा मीटर जास्त वेगाने गेली. तिन्हींची तीच गत. मी वेग मोजायच्या यंत्राशेजारी उभी राहून एकटीच टाळ्या वाजवत होते.

आता आकडे. धक्का, तीन किलो सहाशेच्या रायफलीत: साडेसहा सोळा ज्यूल, सात-आठ अठरा, ३०८ एकवीस. आणि साहेबांची मॅग्नम, तेवढ्याच वजनाची धरली तर, एकोणचाळीस! म्हणजे शम्माच्या खांद्यावर त्यांनी साडेसहाच्या दोन रायफली एकदम झाडल्यासारखं झालं. शंभर मीटरला नेम बसवून तीनशेवर बघितलं तर सात-आठ एक्केचाळीस सेंटिमीटर खाली, साडेसहा बेचाळीस, ३०८ सेहेचाळीस. फरक काहीच नाही म्हणा. पण वाऱ्यात साडेसहा खरं रूप दाखवतं. आडवा साधारण वारा धरला तर तीनशेवर ते सतरा सेंटिमीटर सरकतं, सात-आठ वीस आणि ३०८ तेवीस. काय गोळी आहे सर, काय गोळी आहे!

किंमत वीस काडतुसांच्या डब्याची: ३०८ एकशे दहा दिरहम, म्हणजे आपले सव्वीसशे रुपये. साडेसहा एकशे पंचेचाळीस, चौतीसशे रुपये. सात-आठ दोनशे दहा, जवळजवळ पाच हजार, आणि तेही ऑर्डर देऊन महिनाभर थांबायचं.

शेवटी शंभर मीटरवर पाच-पाच गोळ्यांचे ग्रुप घेऊन छिद्रं किती पसरतात ते पाहिलं. साडेसहाचा ग्रुप २.९ सेंटिमीटर, सात-आठचा ४.३, आणि ३०८चा ७.८. दोनदा घेतला, दुसऱ्यांदा आठच्या वर. एवढी चांगली रायफल आणि असा ग्रुप! रायफलींवर दुर्बिणी विजयकुमारांनी बसवल्यात. ते आमचे आर्मरर, रायफलींची देखभाल करणारे, केरळचे, आपल्या फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त. त्यांचंच काहीतरी राहिलं असणार. ते मात्र सारखे म्हणत होते, "मैडम, थ्री-नॉट-एट से आधा दुनिया चलता है. इसमें प्रॉब्लम नहीं है."

मी रिपोर्टमध्ये स्वच्छ लिहिलं: ३०८ या कामाला विश्वासार्ह नाही, दुर्बीणही ढिली असावी. साहेबांनी वाचला, दोनदा "मम्ताज!" म्हणजे उत्तम म्हणाले आणि ३०८ परत पाठवायला सांगितली. विजयकुमारांना जरा बोलले. पण रिपोर्ट एकदम पक्का झालाय. चौदा पानं, आलेख रंगीत. चारुदत्तला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, फोनवर सगळा वाचून दाखवला. तो शारजाला हमरिया फ्री झोनमध्ये असतो, शुक्रवारी संध्याकाळी घरी येतो. तो म्हणाला, "तू लग्नात पण एवढी खूश नव्हतीस."

तुम्हाला आलेखांची प्रत पाठवतेय. बघाल ना?

ईश्वरी


अल ऐन, ५ ऑक्टोबर

सर,

तुमचं पत्र आलं! पोस्ट बॉक्समध्ये विजेचं बिल, दोन जाहिराती आणि त्यांच्या खाली तुमचं अक्षर. पार्किंगमध्येच उभ्याने फोडलं. सतरा वर्षांनी तुम्ही मला लिहिलेलं पत्र चार ओळींचं आहे. ते पाठ झालंय:

"आलेख मिळाले. धक्का वाढतो तसा तुझा ग्रुप वाढतो. काडतूस असं वागत नाही. रायफल कुणी चालवली? मुलीच्या कोपराच्या आतल्या वळणापासून बोटाच्या पहिल्या पेरापर्यंतचं अंतर कळव."

ना मायना, ना सही.

खरं सांगू? आधी आनंद झाला आणि मग राग आला. रायफल कुणी चालवली म्हणजे काय? मी चालवली. रिपोर्ट माझा आहे, मग दुसरं कोण चालवणार? टेबलावर वाळूच्या पिशव्या टेकवून, श्वास सोडून, तुम्ही शिकवलं तसं. मागच्या पत्रात तसं सरळ लिहिलं नाही एवढंच. आणि आकडे ओळीने वाढले म्हणून लगेच माणसावर संशय घ्यायचा? दुर्बीण ढिली असेल तर जास्त धक्क्याला ती जास्तच हलणार. हेही भौतिकशास्त्रच आहे.

शम्माचं माप घेतलं, तेवढं कळवते: साडेबारा इंच. तुमच्या मनात काय आहे ते कळलं. रायफलीचा दस्ता पावणेचौदा इंचांचा आहे. पुरुषांच्या मापाचा! काडतुसांच्या नादात मी ते बघितलंच नाही.

त्याच दिवशी, संध्याकाळी

सर, पुढचं आत्ताच लिहून टाकते.

टेस्टच्या वेळी मी रायफलीच्या बाजूला फोन लावून स्लो मोशनमध्ये शूटिंग केलं होतं, रायफल मागे किती सरकते ते मोजायला. तुम्हाला पुरावा द्यायचा म्हणून आज चहा घेता घेता ते व्हिडिओ लावले, आधी ३०८चे. मी बघत होते रायफलीकडे. फक्त रायफलीकडे. इरा, माझी नऊ वर्षांची मुलगी, मागून येऊन उभी राहिली.

"आई, व्हाय आर यू क्लोजिंग युअर आईज?"

"धक्का बसल्यावर सगळ्यांचे मिटतात, राणी."

"नो, बट इट्स बिफोर. लुक. द गन हॅजन्ट इव्हन गॉन ऑफ."

तिने माझ्या हातातून फोन घेतला, मागे नेला आणि थांबवला. गोळी अजून नळीत आहे. माझे दोन्ही डोळे घट्ट मिटलेले, तोंड वाकडं आणि उजवा खांदा पुढे, रायफलीला ढकलतोय. मग तिने साडेसहाचा व्हिडिओ लावला. तिथे डोळे जरासे बारीक झालेत, एवढंच. सात-आठला अर्धे. ३०८ला पूर्ण. दहाच्या दहा वेळा.

"यू लुक सो स्केअर्ड," ती म्हणाली, आणि मग माझ्याकडे बघून हळूच मराठीत, "आई, काय झालं?"

दोष काडतुसाचा नव्हता. दुर्बिणीचाही नव्हता.

ईश्वरी


अल ऐन, ८ ऑक्टोबर

सर,

हे पत्र कुरियरने पाठवतेय, कारण ते वाटेत हरवून चालणार नाही.

सोमवारी सकाळी रेंजवर पोचले तर विजयकुमार ऑफिसबाहेर बसले होते, मांडीवर फाइल. मी विचारलं, काय झालं? तर म्हणाले, "कॉन्ट्रॅक्ट रिन्यू नहीं हो रहा, मैडम. साहब बोला, इस महीने तक." कारण माझा रिपोर्ट. "जरा बोलले" असं मी तुम्हाला मागे लिहिलं होतं ना? ते जरा नव्हतं. साहेब सगळ्यांसमोर म्हणाले होते, माझ्या मुलीच्या हातात ढिल्या दुर्बिणीची रायफल देणारा माणूस मला नको. मी तिथेच उभी होते. हातात चौदा पानं आणि रंगीत आलेख घेऊन.

मी त्यांना म्हटलं, "आप ज़रा मेरे साथ चलिए." ३०८ अजून परत गेली नव्हती. दुर्बिणीला हात न लावता, त्याच डब्यातली पाच काडतुसं त्यांना दिली. त्यांनी झाडली. २.६ सेंटिमीटर. तिन्हींत सगळ्यात लहान ग्रुप, सर!

मी तो कागद हातात धरून विचारलं, "आपको पता था?"

"मैं पीछे खड़ा था, मैडम. आपका कंधा दिखता है."

"तो बोले क्यों नहीं?"

"बोलता तो आप मानते?"

तसाच तो कागद घेऊन साहेबांच्या खोलीत गेले. ते कुणाबरोबर तरी गहवा, म्हणजे इथली कॉफी, पीत बसले होते. मी म्हटलं, माझा रिपोर्ट चुकीचा आहे. रायफल बरोबर, काडतूस बरोबर, विजयकुमार बरोबर. धक्क्याला घाबरून माझे डोळे मिटतात. फोन पुढे केला. त्यांनी व्हिडिओ दोनदा बघितला. मला वाटलं, आता विजयकुमारांऐवजी मी.

"सिन्स व्हेन?" त्यांनी विचारलं.

"सेव्हन्टीन इयर्स."

"अँड यू वर्क इन शूटिंग रेंज." मग एकदम हसले, पण वाईट नाही. "खलास, मॅटर फिनिश. विजय स्टे. यू अल्सो स्टे. डू इट अगेन. धिस टाइम ओपन आइज."

विजयकुमारांची माफी मागितली. ते म्हणाले, "चाय पिलाओ." पाजली.

बाहेर आले तेव्हा पाय हलके झाले होते. एवढं सोपं होतं? दोन मिनिटांचं काम. आणि मग तिथे पार्किंगमध्ये उन्हात उभी असताना मला कळलं, की माझ्यामुळे बोल लागलेलं दुसरं माणूस अजून भुसावळला बसलंय.

सर, रॅक उघडा नव्हता.

तुम्ही त्याला कुलूप लावलं होतं. तुम्ही दुपारी जेवायला घरी जाताना शर्ट बदलायचात. त्या दिवशी खाकी शर्ट खुंटीवर होता आणि किल्ली त्याच्या खिशात. मी ती घेतली. जिल्ह्याच्या निवडीत माझं नाव चौथं आलं होतं आणि तुम्ही म्हणाला होतात, "मोठ्या रायफलीला तू अजून वर्षभर हात लावायचा नाही." मला दाखवून द्यायचं होतं. कुणाला, कोण जाणे, रेंजवर चिटपाखरू नव्हतं. दस्ता खांद्याच्या खोबणीत न टेकवता हाडावर टेकवला. गोळीचा आवाज झाला आणि पाठोपाठ हाडाचा. पडल्या पडल्या माझ्या डोक्यात पहिला विचार दुखण्याचा नव्हता. किल्लीचा होता. रॅकला कुलूप उघडं लटकत होतं. मी उठले, डाव्या हाताने किल्ली काढून परत तुमच्या खिशात टाकली आणि मग ओरडायला लागले.

दवाखान्यात बाबांनी विचारलं, रायफल तुझ्या हातात कशी आली? मी म्हटलं, रॅक उघडाच होता. पुढे समितीने विचारलं, तेव्हाही तेच. तुम्ही समोर खुर्चीत बसला होतात. तुम्हाला विचारलं, कुलूप लावलं होतं का? मला वाटलं, आता म्हणणार, लावलं होतं. तुम्ही म्हणालात, "लावलं असेलच, पण आता खात्रीने सांगता येत नाही." मला केवढं सुटल्यासारखं वाटलं होतं, ते आज लिहितानाही लाज वाटते.

पहिल्या पत्रातही मी ते खोटंच पुन्हा लिहिलं. "उघडा राहिला होता असं निघालं." निघालं! कुणी काढलं ते लिहिलं नाही.

क्लबच्या समितीला आज वेगळं पत्र धाडलंय, सगळं लिहून, सही करून. तुम्हाला न विचारता धाडलं, कारण तुम्ही नको म्हणाला असतात. प्रत सोबत आहे.

ईश्वरी


अल ऐन, ९ नोव्हेंबर

सर,

महिना झाला. तुमचं उत्तर नाही. ते आलंच पाहिजे असा माझा हक्क नाही, हे समजतं. समितीकडून मात्र दोन ओळी आल्या: पत्र बैठकीत वाचण्यात आले.

तरी लिहितेय, कारण हे तुम्हाला नाही सांगायचं तर कुणाला? माझे डोळे उघडे राहिले!

डमी काडतुसांचा उपाय विजयकुमारांनी काढला. तुम्हीही नव्या मुलांना तोच द्यायचात. रायफल ते भरणार, मला बघू द्यायचं नाही. दहातली चार डमी. घोडा दाबायचा आणि नुसतं 'टक'. पहिल्या दिवशी प्रत्येक डमीला रायफलीचं तोंड वीतभर खाली. माझं मलाच हसू यायला लागलं, इतका उघडा पडत होता सगळा प्रकार. शम्मा मागे बसून मोजायची, "मिस ईश्वरी, अगेन यू डान्स!" मग तिची पाळी. तीही नाचली. वडिलांच्या मॅग्नमने तिलाही ती सवय लावून ठेवली होती. दोघी शिकलो. रोज सकाळी वीस, त्याहून एकही जास्त नाही. सोळाव्या दिवशी डमी पडली आणि तोंड तसूभरही हललं नाही. विजयकुमार म्हणाले, "शाबाश." शम्मा ओरडली, "यल्ला, वन मोअर!"

तुमच्या मापाप्रमाणे शम्मासाठी तिन्ही दस्ते सव्वा इंच कापून घेतले. शारजात एक सुतार मिळाला, रायफलीचा दस्ता म्हटल्यावर आधी घाबरला. कापल्यावर तिचा चेहरा दुर्बिणीमागे आपोआप नीट बसला. नुसत्या तेवढ्याने ३०८ सुद्धा तिला झेपायला लागली. म्हणजे आम्ही दोन महिने एकेका ज्यूलवरून भांडत होतो आणि अर्धा धक्का लाकडात होता!

मग खरी परीक्षा. डब्यांवरची नावं झाकली, रायफलींवर पट्ट्या लावल्या: लाल, हिरवी, निळी. शम्माने तीन सकाळी तिन्ही चालवल्या, कुठली कुठल्या काडतुसाची हे फक्त विजयकुमारांना माहीत. साडेसहा आणि सात-आठचे ग्रुप जवळजवळ सारखे, ३०८ किंचित मोठा, पण हरणाला पुरून उरेल असा. नवा रिपोर्ट दोन पानांचा आहे. त्यात लिहिलं: तिन्ही चांगली. सात-आठ मिळायला कठीण आणि महाग. ३०८ स्वस्त, जगात कुठेही मिळेल. साडेसहा वाऱ्यात पुढे, खांद्याला हलकं आणि नामिबियातल्या दुकानातही मिळतं. आणि शेवटी, टेस्ट कुणी चालवली त्यांची नावं.

साहेबांनी शेवटचा प्रयत्न केला. म्हणाले, मॅग्नम तुझ्या आजोबांपासून घरात आहे, लोक काय म्हणतील? शम्मा म्हणाली, "बाबा, आय डोन्ट वॉन्ट टू लुक ब्रेव्ह. आय वॉन्ट टू हिट." साहेब माझ्याकडे बघून म्हणाले, "यू टॉट हर धिस?" मी म्हटलं, नाही, हे तिचं तिलाच सुचलं.

साडेसहा घेऊन ते दोघं परवा निघाले. विमानतळावरून तिने फोटो पाठवला. मला झोप नाही. सर, एवढी धाकधूक मला स्वतःच्या निवडीच्या वेळीही नव्हती.

ईश्वरी


अल ऐन, २६ नोव्हेंबर

सर,

दोन गोष्टी एकाच दिवशी आल्या. सकाळी शम्मा परत आली आणि दुपारी तुमचं पत्र.

आधी तिचं सांगते. पहिल्या तीन दिवसांत काही नाही. चौथ्या दिवशी दोनशे सत्तर मीटरवर मोठा कुडू, तिकडचं हरीण, उभा, शिंगं अशी पिळदार, आणि वारा आडवा, मधूनमधून उसळणारा. बरोबरचा वाटाड्या कानात म्हणतोय, मार. साहेब म्हणतात, मार. तिने दुर्बिणीतून बघितलं, वाऱ्यात लवणारं गवत बघितलं आणि रायफल खाली ठेवली. "आय वॉज नॉट शुअर, मिस," मला म्हणाली. साहेब दिवसभर तिच्याशी बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी उजाडताना स्प्रिंगबक, लहान जातीचं हरीण, एकशे चाळीस मीटर, वारा नाही. एक गोळी. तो जागेवर बसला. तिथे उभी राहून रडली म्हणाली, पण सगळं झाल्यावर. गोळी सुटताना डोळे उघडे होते का, विचारलं. "वाइड ओपन. आय सॉ एव्हरीथिंग." मी तिला मिठीच मारली. साहेब आत येऊन म्हणाले, पुढच्या महिन्यापासून रेंजवर मुलींची वेगळी बॅच सुरू करायची आणि ती मी आणि विजयकुमारांनी बघायची. मी मान हलवून हो म्हटलं.

आता तुमचं पत्र. या वेळी दीड पान. गाडीत एसी लावून बसून वाचलं, आणि एसी चालू ठेवून तिथेच तासभर बसून राहिले.

तुम्ही लिहिलंय, तुम्ही मला कधी दोष दिलाच नव्हता, कारण तुम्हाला माझं खरं वाटलं होतं. मला हे सतरा वर्षांत एकदाही सुचलं नाही, सर. मला वाटायचं, तुम्हाला माहीत आहे की मी खोटं बोलले आणि म्हणून तुम्ही तोंड फिरवलंत. आणि तुम्ही तिकडे समजत होतात, की आपणच कुलूप लावायला विसरलो आणि एका पोरीचं हाड मोडलं, थोडक्यात वाचली. म्हणून क्लब सोडलात. कुणी काढलं नव्हतं. म्हणून पुन्हा कुठल्या मुलाला शिकवलं नाहीत.

तुमची ही ओळ मी इथे परत लिहून काढते, कारण ती नुसती वाचून पुरत नाही:

"घरातून निघाल्यावर मी चार चार वेळा मागे येऊन कुलूप ओढून बघतो. सतरा वर्षं. घरचे हसतात, म्हणतात वय झालं. तुझं पत्र वाचलं त्या दिवशी दूध आणायला गेलो आणि परत फिरलो नाही. कोपऱ्यावर गेल्यावर लक्षात आलं. मी कुलूप लावलं होतं, ईश्वरी. मी लावलं होतं."

आणि त्याच्या खाली:

"राग आहे. खूप आहे. पत्रात मावण्यासारखा नाही. समोर बसवून बोलीन. तेव्हा ये."

समितीने तुम्हाला परत बोलावलंय हे तुम्ही एका ओळीत उरकलंत. जाणार की नाही ते लिहिलं नाहीत. जा, सर. रविवारच्या बॅचला तरी जा.

चारुदत्त म्हणतो, जानेवारीत इराला सुट्टी असते, तेव्हा सगळेच जाऊ. मी म्हटलं, नाही, मी आधी एकटी जाते. साहेबांकडे रजा मागितली. त्यांनी कारण विचारलं, मी खरं कारण सांगितलं. ते म्हणाले, "गो. टेक टेन डेज. इन्शाल्ला ही विल शाउट अ लॉट."

तिकीट काढलंय. बारा डिसेंबरला मुंबई, तेराला दुपारी भुसावळ. स्टेशनवरून थेट तुमच्याकडे येते, घरी बॅग टाकायलाही थांबणार नाही. तुम्ही बोला. सगळं बोला. मी समोर बसते, डोळे उघडे ठेवून.

तुमची,
ईश्वरी